इद्रीसला परत आणायचं की नाही

१३ जानेवारी २०२५, सोमवार
होकार आला! नऊ वर्षं लिहितेय, ही तिसरी पटकथा — आणि आज होकार. मुंबईहून परेशचा फोन. दिग्दर्शक आहे, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. "मॅम, मी रडलो." मे महिन्यात शूटिंग म्हणे.
मी बसमध्ये होते, दुबईतली नेहमीची, इंटरनॅशनल सिटी ते देरा. याच बसमध्ये लिहिलीय सगळी, मोबाइलवर, अंगठ्याने. नाचावंसं वाटायला हवं होतं. झोप येत होती.
काव्याला सांगितलं. "नाइस, मम्मा. विल देअर बी सबटायटल्स?" पोटची पोर!
एक अट आहे. शेवटी नायिकेचा बुडालेला नवरा, इद्रीस, परत यायला हवा. "ऑडियन्सला असं रिकामं घरी नाही पाठवता येत, मॅम." बरं म्हटलं. दमले होते.

१४ जानेवारी
रशीदाला अजून सांगितलेलं नाही.
ती ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर. हर्णैची. सात वर्षांपूर्वी आमच्या शिपिंग कंपनीत लागली तेव्हा एकटीच राहत होती. नवरा इद्रीस लाकडी लाँचवर इंजिन बघायचा. सोमालियाला माल घेऊन गेला, लाँच बुडाली, माणूस सापडला नाही. रोज डबा उघडला की एक तुकडा सांगायची. निघताना त्यानं धक्क्यावरून हात केला तो दुसऱ्याच बाईला, डोळ्यांवर ऊन होतं म्हणून! हे मला जन्मात सुचलं नसतं. परतीच्या बसमध्ये उतरवून काढायचे. पटकथेत इद्रीसचं नावसुद्धा बदललं नाही. दुसरं कुठलं बसेचना.

१८ जानेवारी, शनिवार
इथल्या मराठी मंडळात नवोदित लेखकांशी गप्पा. तीस खुर्च्या, अकरा माणसं. प्रेरणा कुठून मिळते? — आलाच प्रश्न. म्हटलं, प्रेरणेची वाट बघत बसाल तर बसूनच राहाल. रोज एक पान लिहा, भिकार का होईना. कुणी बोलत असेल तर मध्ये तोंड घालू नका. माणसं लिहून घेत होती, जशी काही मी कुठे पोचलेय.
मागे एक जण उठला. दौलत, रास अल खैमाच्या टाइल्स फॅक्टरीतला, दोन तास प्रवास करून आलेला. "मॅडम, ज्याचं ऐकून लिहायचं, त्याला विचारायचं का?"
"अर्थात!" मी म्हटलं.
खोटारडी.

२० जानेवारी
सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत, खाडीकाठच्या बाकावर. रशीदानं डबा बंद केला. "वाच."
बदललेला शेवट वाचला. डोळे कोरडे तिचे. इद्रीस दारात उभा राहतो तिथे माझं मनगट धरलं.
"नको."
"अगं, सिनेमात फक्त —"
"सिनेमा कर. माझं नाव घाल, काय वाटेल ते घाल. त्याला परत आणू नको, दर्शनाताई. तो आला तर मी कुठं जाऊ?"
उठून गेली. डबा तिथेच.
कळलं मला. सात वर्षं मन घट्ट करून बसलीय. कशाला उसवायचं?

२१ जानेवारी
शेजारी शेजारी आठ तास. डबा धुऊन तिच्या टेबलावर ठेवला, तिनं न बघता पिशवीत टाकला.

२२ जानेवारी
परेशला फोन केला. तो परत येणार नाही म्हटलं.
"मग प्रोड्यूसरपण येणार नाही, मॅम." हसला. मी हसले नाही, तेव्हा थांबला. "ऑफिसातल्या एका बाईसाठी?"
हो म्हटलं.
"मग खलास," म्हणाला. इथे दिवसभर कानावर पडणारा शब्द.
नऊ वर्षं. फोन चार मिनिटांचा.

२४ जानेवारी
आज बसमध्ये नुसती बाहेर बघत आले. बघण्यासारखं काही नाही.

२७ जानेवारी
रशीदाला सांगितलं — सिनेमा होत नाहीय. इद्रीस येणार नाही, निश्चिंत राहा.
स्क्रीनकडे बघतच ती हळूच म्हणाली, "तो इथंच, अजमानला आहे. दुसरी बायको, दोन पोरी. लाँच बुडालीच नव्हती."
"टाकलेली म्हणून आले असते तर तुम्ही सगळ्यांनी कारण विचारलं असतं. बुडाला म्हटल्यावर कुणी काही विचारलं नाही. आपल्या डब्यातलं मला वाढलंत."
सगळं रचलेलं. रोजचं. सात वर्षं!
राग यायला हवा होता. खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. म्हटलं, खरं काय झालं ते सांग. लिहिणार नाही.
तिनं सांगितलं.
इथेही लिहीत नाही.