खालच्या खोलीतली टकटक

६ जानेवारी

आजपासून रोजनिशी. पुढे धंदा वाढला की सुरुवात कशी झाली हे कोणालाच धड आठवत नाही, म्हणून.

परिस्थिती अशी. दादा जाऊन दोन महिने झाले. आम्ही वर राहतो, वहिनी खाली. खालची मागची खोली दादाने सोडली तशीच आहे. टेबल, स्पॉट वेल्डर, खुर्ची, आणि टेबलावर अर्धा राहिलेला बॅटरी पॅक. पाय गेल्यापासून दादा तीनचाकी इलेक्ट्रिक गाडीवर हिंडायचा आणि तिच्या बॅटऱ्या स्वतःच बनवायचा. गाडी जिन्याखाली आहे, चादर टाकून.

सकाळी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्या खोलीचं काय करायचं ते एकदा बघा." मी लगेच ओळखलं. पॅक मी पुरा करावा अशी त्यांची इच्छा आहे. तोंडाने बोलवलं नाही, एवढंच.

विमा कंपनीत जन्म काढला असला तरी मला यातली थिअरी पक्की आहे. दादा हाताने करायचा, मी मागे उभा राहून सुचवायचो. आठवड्यात पॅक, मग गाडी, मग ऑर्डरी.

हिला सांगितलं. हिने इस्त्रीची आठवण काढली. इस्त्रीचा विषय वेगळा होता.

८ जानेवारी

काम सुरू. वेल्डर सोपा आहे. सेलवर निकेलची पातळ पट्टी ठेवायची, तांब्याच्या दोन काड्या तिच्यावर टेकवायच्या, पायाखालचं बटण दाबायचं. 'टक्' असा आवाज होतो आणि पट्टी चिकटते.

आज चिकटली नाही. करंट वाढवला. पट्टीला भोक पडलं. एकंदरीत पहिल्या दिवसाच्या मानाने समाधानकारक.

सेल दोन डब्यांत आहेत, सगळे जुन्या लॅपटॉपमधून काढलेले. एका डब्यातल्या प्रत्येक सेलवर लाल खूण. अर्थात दादाने तपासून पास केलेले. अर्ध्या पॅकमध्येही तेच आहेत. दुसऱ्या डब्यात काहीच खुणा नाहीत. तो डबा भंगारवाल्याला देऊन टाकला. पसारा ठेवायचा नाही, हा पहिला नियम.

दुसरा नियम: खोलीत वाळूची बादली हवी. उद्या आणतो.

दादाच्या खुर्चीत बसलो नाही. ती बसकी आहे, माझ्या पाठीला चालत नाही. वरून स्टूल नेलं.

११ जानेवारी

आज बरेच टाके बसले. पकडीने ओढल्यावर निघाले, पण ओढायला कोण जाणार आहे?

एक गोष्ट. काम करताना मागे कोणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. खिडकी मागे आहे, वाऱ्याचा झोत येत असणार. खिडकी बंद केली. तरी येत होता. मागे उभं राहायची जागा खरं तर माझी. समोर बसल्यावर मागचा माणूस किती त्रास देतो हे आज कळलं. दादा कधी बोलला नाही.

बादली उद्या.

१४ जानेवारी

दुपारी जेवून वर आडवा झालो होतो. झोपलो नव्हतो, डोळे मिटून डिझाइनचा विचार करत होतो. खालून आवाज आला. टक्. मग थोडं थांबून टक्.

वेल्डरचाच. माझा आवाज घाईचा येतो, हा सावकाश होता. दादा दोन टाक्यांमध्ये श्वास घ्यायचा, तेवढं अंतर.

हिला विचारलं, ऐकलंस का? ही दोरीवरचे कपडे काढत होती. म्हणाली, काही नाही ऐकलं.

धातू तापला की प्रसरण पावतो आणि निवताना वाजतो. शाळेत शिकवतात हे. संध्याकाळी खाली गेलो. हिला बरोबर घेतलं, कारण टॉर्च ही चांगला धरते. दिवा चालू होता, पण टॉर्च असलेला बरा. वेल्डरचा प्लग मी काढून ठेवला होता. तो लावलेला होता. म्हणजे मी काढलाच नसेल.

१५ जानेवारी

प्लग काढला. हिच्या समोर काढला.

१६ जानेवारी

दुपारी टक्. प्लग लावलेला. खुर्ची टेबलाजवळ सरकलेली. वहिनींना सहज विचारलं, खोलीत कोणी गेलं होतं का? त्या म्हणाल्या, "कोण जाणार?" आणि डोळ्यांना पदर लावला. आता त्यांच्याकडे हा विषय काढायचा नाही. बाईमाणूस घाबरायचं.

मी घाबरलेलो नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. उद्यापासून मात्र कामाची वेळ फक्त सकाळची. प्रकाश चांगला असतो.

२१ जानेवारी

पेच पडला होता. पट्टी एकेरी ठेवायची की दुहेरी? दुपारी आडवा असताना मनाशीच म्हटलं, दादा, दुहेरी करू का रे?

खालून टक्.

योगायोग आहे, मान्य. पण तांत्रिकदृष्ट्याही दुहेरी पट्टीच बरोबर. दुहेरी केली.

२४ जानेवारी

सोयीची पद्धत बसली आहे. सकाळी काम, दुपारी शंका. आवाज आला तर हो. नाही आला तर नाही. यात अंधश्रद्धा काही नाही. नाणं उडवतात तसंच, फक्त नाण्यापेक्षा अनुभवी.

आज आवाज बराच वेळ चालू होता. मी प्रश्न विचारला नव्हता. नुसता पडून ऐकत राहिलो. लहानपणी मला ताप आला की दादा शेजारी बसून काहीतरी खुडबुडत असायचा, रेडिओ नाहीतर घड्याळ. त्या आवाजात झोप लागायची. आजही लागली. म्हणजे डोळा लागला, झोप नाही.

३० जानेवारी

पॅक जवळजवळ तयार! राहिली आहे ती एक छोटी पाटी. बीएमएस म्हणतात. चार्जिंग होताना एखादा सेल बिघडला तर ती वीज तोडते. ती जोडायला बारीक तारा खूप, आणि माझा चष्मा जुना. दुपारी विचारलं, दादा, पाटी लावायलाच हवी का?

काही आवाज नाही. संध्याकाळपर्यंत कान देऊन होतो. काही नाही.

म्हणजे गरज नाही. तूर्त न लावता.

२ फेब्रुवारी

निळी प्लास्टिकची पिशवी चढवून हिच्या केस वाळवायच्या यंत्राने गरम केली. पॅकला छान आवळून बसली. यंत्र जळलं. ही दिवसभर बोलत नाही. ऑर्डरी सुरू झाल्या की दोन घेऊन देईन.

गाडीत पॅक बसवला. दिवा लागला! वहिनी दारात उभ्या होत्या. त्या दिव्याकडे बघत नव्हत्या, माझ्या हातांकडे बघत होत्या. म्हणाल्या, "आता काम संपलं का भाऊजी?" आवाजात आनंद असायला हवा होता. भावना दाटून आल्यावर तसं होतं.

मी म्हटलं, छे, ही तर सुरुवात. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

४ फेब्रुवारी

चाचणी. फाटकातून निघालो, रस्त्याला लागलो. गाडी उत्तम पळते. औषधांच्या दुकानापर्यंत उत्तम पळते. तिथे रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मागे हॉर्न, शिव्या. औषधवाला बाहेर येऊन म्हणाला, "अरे, ही तर तुमच्या मोठ्या भावाची. त्यांची कधी थांबली नाही हो."

ही आणि वहिनी आल्या आणि ढकलत घरी नेली. मी हँडल धरून बसलो होतो, दिशा कोणीतरी द्यायला हवीच. पॅकला हात लावला तर चांगलाच गरम होता. नवीन वस्तू सुरुवातीला गरम होतेच.

कारण: पूर्ण चार्ज न झाल्याने थांबली. उद्या सकाळपासून चार्जिंग.

बादली राहिलीच.

५ फेब्रुवारी

रात्री लिहितोय.

सकाळी पॅक गाडीतून काढून मागच्या खोलीत चार्जिंगला लावला. जेवलो, वर आलो. टक् सुरू होतं. मग फस्स असा आवाज, आणि वहिनी ओरडल्या. "भाऊजी!" खालच्या खोलीतून ओरडल्या.

जिना कसा उतरलो आठवत नाही. खोलीतून पांढरा धूर येत होता, गोडसर, घशात बसणारा. त्यात सेल एकामागून एक फुटत होते. धुरात खुर्चीशी कोणीतरी वाकलेलं दिसलं. एक क्षण मला वाटलं... काय वाटलं ते लिहीत नाही. मी दारात खिळून उभा राहिलो. आत जायला हवं होतं. गेलो नाही.

ही मागून आली, मला बाजूला ढकललं आणि आत शिरली. वहिनींना दंडाला धरून बाहेर ओढलं. अंगणातल्या नळाची नळी खिडकीतून आत सोडली ती हिनेच. शेजारच्या सुताराने लाकडाचा भुसा भरायचं लांब दांड्याचं फावडं आणलं आणि पॅक अंगणात ओढून टाकला. तो तिथेही बराच वेळ फुटत होता.

वहिनींचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. डॉक्टर म्हणाले, बरा होईल, डाग राहतील.

वेल्डर गेला. टेबल गेलं. खुर्चीचा सांगाडा उरला.

७ फेब्रुवारी

वहिनींना भेटायला खाली गेलो. हाताला पट्टी. मीच विषय काढला. त्या वेळी तुम्ही तिथे काय करत होता?

त्यांनी पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं. म्हणाल्या, "रोजच जायचे. तुम्ही झोपलात की." खुर्चीत बसायच्या आणि पायाने बटण दाबायच्या. नुसतं. "इतकी वर्षं दुपारभर तोच आवाज ऐकत भाजी निवडली, कपडे शिवले. तो बंद झाल्यावर घरात बसवेना भाऊजी."

मी म्हटलं, तीस तारखेला का नाही दाबलं? प्रश्न त्यांना समजला नाही. आठवून म्हणाल्या, त्या दिवशी बहिणीकडे गेले होते.

मग त्यांनीच विचारलं, भंगारवाल्याला डबा दिलात तो कुठला? बिनखुणेचा, मी म्हटलं. त्या मान खाली घालून म्हणाल्या, लाल खूण म्हणजे फेकायचे. जो सेल तापतो त्याच्यावर ते खूण करायचे. तो अर्धा पॅकही त्यांनी सोडायलाच घेतला होता. उकलत होते, जोडत नव्हते.

मग आधी का नाही सांगितलंत, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही काम थांबवलं असतंत. सकाळी तुमची टकटक सुरू झाली की मी इथे पडून ऐकायचे. तुमची घाईची असते, कळायचं की हे ते नाहीत. पण कधीतरी एखादा टाका बरोबर पडायचा. तेवढ्यासाठी." आणि मग म्हणाल्या, "चूक माझीपण आहे. एवढं पेटेल असं वाटलं नव्हतं हो."

वर आलो. हिला सांगितलं. ही कांदा चिरत होती, मान वर न करता म्हणाली, माहीत होतं. मी म्हटलं, मग ऐकू येत नाही असं का सांगत होतीस? म्हणाली, "तुम्ही खाली जाऊन पकडलं असतं त्यांना. राहू दे म्हटलं."

म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, मी सोडून. मलाही तशी शंका होतीच. पद्धतशीर तपास चालू होता.

१५ फेब्रुवारी

दुपारी डोळे मिटून पडलो. खाली शांत. विचारण्यासारख्या शंका तीन-चार आहेत. एक म्हणजे, मी दारातच का थांबलो.

काही आवाज नाही. येणारच नाही, मशीन नाही. तरी पडून होतो.

२८ फेब्रुवारी

बॅटरीच्या दुकानातून तयार पॅक आणला. पुढच्या डिझाइनसाठी नमुना म्हणून. दुकानातला माणूस येऊन बसवून गेला. दोन तारा जोडायच्या असतात. त्याचा चहा निवायच्या आत झालं.

वहिनी म्हणाल्या, गाडी मी चालवणार. पट्टी सुटली आहे, हात लालसर दिसतो, मूठ वळते. मी सगळं समजावलं. ब्रेक कुठे, हॉर्न कुठे, वळताना हँडल सोडायचं नाही, मागे बघायचं नाही. त्या हो हो म्हणत होत्या.

गाडी आवाज न करता फाटकाबाहेर गेली. त्या सीटची पाठ उंच आहे. मागून फक्त डोकं दिसतं आणि एक खांदा. कोण चालवतंय ते कळत नाही.

मी हाक मारली. दादा, अशी. तोंडातून कशी गेली कळलं नाही. ही शेजारीच उभी होती. मी हात वर केला, आणि तो तसाच धरून उभा राहिलो.

गाडी वळणावरून गेली. मागे वळून कोणी बघितलं नाही. बरोबरच आहे. मीच सांगितलं होतं, वळताना मागे बघायचं नाही म्हणून.