पेरोशॉन नावाचा कण

३ मार्च
आलेखाच्या उतारावर टेकाड! यंत्रात प्रोटॉन एकमेकांवर आपटतात, काय उडतं ते आम्ही मोजतो. टेकाड म्हणजे नवा कण. जूनमध्ये माझा करार संपतोय, पण आता युनिव्हर्सिटीच माझ्या पाया पडेल.
संकल्प: कुणालाही सांगायचं नाही.

४ मार्च
सोलांजला सांगितलं. (बायको ‘कुणी’त येत नाही.) म्हणाली, मागच्या वर्षीही सापडला होता ना एक? तो स्क्रीनवरचा डाग होता. हा पुसून जात नाही.

५ मार्च
बेकरीवाल्याला सांगावं लागलं. अख्खा केक कशासाठी, म्हणून विचारत होता. गंभीर माणूस आहे, बोलायचा नाही. संध्याकाळी ट्रामच्या ड्रायव्हरने अभिनंदन केलं.

९ मार्च
टेकाड वाढतंय. कणाचं नाव ठरलं, माझ्या आडनावावरून: पेरोशॉन. पहिल्या नावावरून ‘ऑगस्तँऑन’ही छान होतं, पण आडनावात भारदस्तपणा आहे. स्टॉकहोमच्या नोबेल समारंभासाठी सूट शिवायला टाकला. कमरेत दोन इंच कमी घ्यायला सांगितलं. डिसेंबरपर्यंत बारीक होणारच.

१२ मार्च
नोएमी पीएचडी करतेय माझ्या हाताखाली. हुशार, पण शंकेखोर. म्हणाली, सर, टेकाड रोज सकाळी वाढतं कसं? यंत्र तर सोमवारपासून दुरुस्तीला बंद आहे.
मत्सर. दुसरं काय? यंत्र बंद असतानाही जो दिसतो, तो किती दणकट कण असेल!

१३ मार्च
विभागप्रमुख मादाम कोरबाझना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. भारावल्या असणार. म्हणाल्या, शुक्रवारी सेमिनारमध्ये सगळ्यांसमोर मांडा. कायम जागेचंही तेव्हाच बघू.

१६ मार्च, दुपार
नोएमी म्हणते, तुम्ही रोज सकाळी तीच फाइल आकडेवारीत पुन्हा मिळवताय, सर. त्याच त्या टकरी आठ-आठ वेळा मोजल्यात.
मी म्हटलं, निसर्गही पुनरावृत्ती करतो. म्हणाली, हो, पण तो Enter दाबत नाही.
दार लावून जास्तीच्या फाइली काढल्या. टेकाड सपाट. खिडकीसमोरच्या सरोवरासारखं.

१६ मार्च, संध्याकाळ
खूप विचार केला. नव्या पिढीला संधी द्यायला हवी. उद्या नोएमी बोलेल. माझा घसा बसलाय.

१७ मार्च
नोएमीने तासभर बोलून सिद्ध केलं, की तिथे काहीही नाही. प्रचंड टाळ्या. इतक्या नेमकेपणानं ‘काही नाही’ आजवर कुणी दाखवलं नव्हतं म्हणे! मादाम कोरबाझनी कायम जागेसाठी तिचंच नाव जाहीर केलं. मीही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत शेवटी थांबलो, म्हणून लोक वळून बघायला लागले.
घरी आलो. सोलांजने विचारलं, काय निघालं मग?
म्हटलं, काही नाही.
म्हणाली, बरं, मग हात धू. बटाटे उकडलेत, सोलायला बस.