नाइस म्हणजे नक्की काय

३ तारीख, सोमवार
आमच्या प्रेसमधल्या बाइंडिंगवालीला अखेर विचारलं, लग्न करतेस का माझ्याशी. म्हणाली, तू नाइस आहेस रे, रविवारी सांगते. म्हणजे झालंच!

४, मंगळवार
टेबलावर डिक्शनरीचं प्रूफ. पान ४१२. नाइस. मूळ लॅटिन. अर्थ: अडाणी, काही न कळणारा. पुढे: मूर्ख.
तीनदा वाचलं. डिक्शनरीच्या संपादकाला (प्रेसमध्ये त्याचं नाव 'चष्मा') विचारलं, छपाईची चूक का हो? म्हणाला, छे, शेकडो वर्षांपूर्वी हाच अर्थ होता, आता 'चांगला'. वर म्हणाला, नाइस प्रश्न!
ठेवून दिली एक. त्याने दोन दिल्या. पण चष्मा त्याचाच फुटला. (मी त्यावर पडलो.) विजय.

५, बुधवार
संकल्प: रविवारच्या आत मी नाइस नाही हे सिद्ध करायचं.
कॅन्टीनवाला म्हणाला, नाइस शर्ट, साहेब. धरला त्याला. झटापटीत कॉलर त्याच्या हातात राहिली. उरलेला शर्ट माझ्याकडे. म्हणजे बहुमत माझं. ओठ सुजलाय. भारदस्त दिसतो.

६, गुरुवार
आई म्हणाली, अरे, जन्मात झुरळ मारलं नाहीस, आताच काय संचारलंय? तिला लॅटिन येत नाही.
संध्याकाळी झुरळ मारायला घेतलं. चप्पल ट्यूबलाइटला लागली, ट्यूबलाइट मला. सात टाके. झुरळाने धसका घेतला असणार.

७, शुक्रवार
प्रूफ पुढे वाचलं. मधले अर्थ: नखरेल, चोखंदळ, काटेकोर. ती यातलं काही म्हणाली असेल का? छे. दया नाही.

८, शनिवार
थेट मुळावर घाव. तिच्या भावाला गाठलं. पैलवान गडी. म्हटलं, ये! आला. त्याच्या मुठीला माझे दोन दात लागले. रक्त भरपूर, कुणाचं ते तपासायला हवं. मग जिना. पायऱ्या चौदा. एकेक मोजली, बरगड्यांनी.

९, रविवार, हॉस्पिटल
जबडा तारेने बांधलाय. ती आली. विजयी हसायला गेलो, तार रुतली.
म्हणाली, आमच्याकडे बाबांचा हात चालतो, दादाचा चालतो. तुझ्या एकट्याच्याच शेजारी अंग चोरून बसावं लागायचं नाही. म्हणून नाइस म्हटलं. आज हो म्हणणार होते. एवढंही कळलं नाही तुला?
बोलता येईना. मान हलवली. नाही.
गेली. दार अगदी हळू लावलं.

१०, सोमवार
चष्म्याला चिठ्ठी: पान ४१२, पहिला अर्थ बरोबर आहे. छापा.