धुण्याची चाचणी बाकी

४ एप्रिल
आजपासून रोजनिशी. यूट्यूबवर एका साहेबांनी सांगितलं की शोध लावणाऱ्याने तारीखवार नोंद ठेवली की पेटंटच्या वेळी तकलीफ होत नाही. शोध अजून लागायचा आहे, पण तारीख तर पडली.

दुकान: शिवशंकर आर्ट्स, कनेरगाव नाका, हायवेला लागून. काम: स्क्रीन प्रिंटिंग. आजवर लग्नाच्या पिशव्या, उमेदवारांच्या टोप्या, मंडळांचे टी-शर्ट. जन्मभर दुसऱ्यांची नावं छापली.

आज घरातूनच ऑर्डर आली. सौ. (प्रतिक्षा) आणि तिच्या बचत गटाने 'पिवळीधमक' नावाची हळद काढली आहे. पुढच्या महिन्यात नांदेडला प्रदर्शन. तिथे पुण्याचे एक मसालेवाले येणार. त्यांना हळद पसंत पडली तर वर्षाचा सगळा माल तेच उचलणार, आणि गटाला स्वतःची चक्की घेता येणार. सध्या या बाया हळकुंडं टेम्पोत घालून वाशीमला दळायला नेतात आणि दिवसभर तिथे नंबर लावून बसतात. सौ. म्हणाली, साधे पांढरे टी-शर्ट करा, छातीवर पिवळ्या रंगात नाव टाका, बाकी काई नको.

पिवळ्या रंगाचा डबा दुकानात आहे. सीलबंद. पण तो तर कोणीही मारेल. मी विचारलं, हळदीचं नाव प्लॅस्टिकच्या रंगात? ती म्हणाली, व्हय, काहून?

इथेच सामान्य माणूस आणि संशोधक यांच्यातला फरक कळतो. ठरलं. हळदीचं नाव हळदीतच छापणार. डोळ्यांना नाव, नाकाला वास. जगात पहिल्यांदा.

५ एप्रिल
शेजारच्या ढाब्यावर लालसिंगला कल्पना सांगितली. तो म्हणाला, भारी. लालसिंगने हायवेवर हर तऱ्हेची माणसं पाहिली आहेत, त्याचं मत वजनदार आहे. नंतर त्याने एका ट्रकवाल्याने सांगितलेल्या पंक्चरच्या हकिकतीलाही भारी म्हटलं, पण ते वेगळं.

८ एप्रिल
पहिला प्रयोग. हळद, कपड्याला रंग धरून ठेवणारा चिकट बाइंडर, थोडं घासलेट. मिश्रण उत्तम, पिठल्यासारखं. नाव बसवलेल्या जाळीवर, म्हणजे स्क्रीनवर, ओतून रबराची पट्टी ओढली. हळद जाळीतच अडकली. अख्ख्या नावातलं एक शेवटचं अक्षर उमटलं, तेही अर्धं.

दोष तंत्रात नाही, हळदीत आहे. भरड दळली आहे. सौ.ला तसं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, ती हळद भाजीत टाकायची हाय, छापायची न्हाई. गटाने टीका घ्यायला शिकलं पाहिजे.

११ एप्रिल
हळद वस्त्रगाळ केली पाहिजे हे लक्षात आलं. वस्त्र शोधलं. कपाटात एक अगदी झिरझिरीत साडी मिळाली, तिचा पदर योग्य वाटला. हळद लोण्यासारखी निघाली.

साडी सौ.च्या भावाने भाऊबीजेला दिलेली होती असं संध्याकाळी कळलं. पदर आता पिवळा आहे. मला तर आधीपेक्षा उठावदार वाटतो. जेवणात मात्र वरण बिनफोडणीचं, आणि पांढरं.

१५ एप्रिल
यश! पांढऱ्या टी-शर्टवर 'पिवळीधमक', शेवटच्या अक्षरापर्यंत. आणि वास! लग्नघरात शिरल्यासारखं वाटतं. लालसिंग म्हणाला, भारी.

हा पहिला नग मी स्वतः अंगात घातला. आता कडक चाचण्या. ब्रँडच्या कामात कसूर नको.

१८ एप्रिल
चाचण्यांचा अहवाल. घामाची चाचणी: पास (दुकानाच्या सावलीत, पंख्याखाली). घासण्याची चाचणी: पास. ढाब्यावर रस्सा सांडला, तो हळदीत दिसलाच नाही: विशेष पास.

धुण्याची चाचणी: बाकी.

२० एप्रिल
आज जेवताना सौ. म्हणाली, अहो, धुतल्यावर त्याचं काय होईल? हळदीला साबण लागला की... मी तिला तिथेच थांबवलं. म्हटलं, हळद किती वेळ उकडायची हे मी तुला सांगतो का? मग छपाईतलं तू मला सांगू नको. ती म्हणाली, बरं. एवढं चटकन बरं म्हणाली म्हणजे पटलं असणार.

तरी धुण्याची चाचणी सोमवारी नक्की.

२१ एप्रिल
नळाला पाणी नाही. चाचणी पुढे.

२४ एप्रिल
पाणी आलं. पण पहिला नग म्हणजे उद्या ऐतिहासिक वस्तू. ती धुवायला टाकायला मन झालं नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दुकानात माझ्या खुर्चीमागे ठेवली. तसंही माझे कपडे मी गेली कित्येक वर्षं रोज सकाळी दोरीवरून काढून घालतो आणि त्यांना धुण्याने कधी काही झालेलं नाही. चाचणी झाली असं समजायला हरकत नाही.

२९ एप्रिल
सगळी ऑर्डर छापून पूर्ण. शेवटी एक सुचलं. एवढी मोठी कलाकृती बिननावाची कशी जाऊ द्यायची? म्हणून प्रत्येक टी-शर्टवर खाली पोटाजवळ बारीक अक्षरात 'शिवशंकर आर्ट्स, कनेरगाव नाका' आणि मोबाईल नंबर. हे मात्र नेहमीच्या काळ्या पक्क्या रंगात मारलं. स्वतःच्या नावावर प्रयोग नको.

३ मे
टी-शर्ट गटाला दिले. बायांनी साडीवरून घालून पाहिले आणि एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की द्वारकाबाईंना ठसका लागला. द्वारकाबाई गटात सगळ्यात मोठ्या. त्यांनी टी-शर्ट नाकाशी धरला आणि म्हणाल्या, मायबाई, माह्या लग्नाचा वास येऊन राहिला. मग म्हणाल्या, घासलेटाचा पण येऊन राहिला. रुक्सार गटाचे फोन आणि हिशेब बघते. ती म्हणाली, दादा, बराबर जमलंय.

सौ. आरशासमोर उभी राहून छातीवरच्या नावावरून हळूच हात फिरवत होती. हे नाव तिनेच काढलेलं. मी दारात होतो हे तिला माहीत नव्हतं. मला फार बरं वाटलं. इतकं बरं पेटंट मिळाल्यावरही वाटणार नाही कदाचित.

५ मे
'पिवळीधमक'ची स्क्रीन धुऊन मोकळी केली. आता तिच्यावर 'पेटंट प्रलंबित' असं बसवलं आहे. दुकानाच्या पिशव्यांवर टाकणार.

६ मे, दुपार
रुक्सार पळत दुकानात आली. म्हणाली, दादा, जल्दी चला, टी-शर्ट पेटले. म्हणजे आग लागली नव्हती. रंग तसा झाला होता.

द्वारकाबाई कोरं कापड धुतल्याशिवाय अंगाला लावत नाहीत. शिवाय घासलेटाचा वास. म्हणून त्यांनी सगळ्यांचे टी-शर्ट गोळा करून एकदमच टबात पावडर घालून भिजवले. मी पोचलो तेव्हा टबात कुंकवाचं पाणी आणि 'पिवळीधमक' लालभडक. बाया भोवती बसलेल्या.

मी धीर सोडला नाही. सांगितलं, ही रासायनिक क्रिया आहे, अपेक्षितच होती. मग एकदम आठवलं. आई म्हणायची, हळदीचं काही झालं तर उन्हात टाकावं. कशासाठी टाकावं ते नीट आठवत नाही, पण उन्हाचं म्हणायची एवढं पक्कं. लगेच स्वतः गच्चीवर जाऊन दोऱ्या बांधल्या आणि एकेक टी-शर्ट पसरला. सौ. खालून काहीतरी ओरडत होती. वरून ऐकू आलं नाही.

६ मे, संध्याकाळ
गुण येतोय. लाल बराच कमी झाला. आईचं ज्ञान अफाट होतं. टी-शर्ट उद्या दिवसभर तसेच राहू द्यायचे.

७ मे
उन्हाने जरा जास्तच चोख काम केलं. लाल गेला. पिवळाही गेला. टी-शर्ट बगळ्यासारखे पांढरे. 'पिवळीधमक' कुठेच नाही. आईचं वाक्य आता पूर्ण आठवलं. हळदीचा डाग पडला तर उन्हात टाकावं, डाग जातो.

पोटाजवळचं 'शिवशंकर आर्ट्स' मात्र काळंकुट्ट, ठणठणीत.

गट उद्या पहाटे नांदेडला निघणार. मी म्हटलं, घाबरू नका, पिवळा डबा फोडतो, आज सगळे पुन्हा मारून देतो. मग स्क्रीन आठवली. तिच्यावर 'पेटंट प्रलंबित' आहे. नवीन स्क्रीन करायला लाईट लागते, आणि दुपारच्या वावटळीत तारा तुटल्या. वायरमन म्हणाला, उद्या बघू. सौ.ने सगळे टी-शर्ट घड्या घालून बॅगेत भरले. मी विचारलं, हे कशाला नेऊन राहिली? ती म्हणाली, सगळ्या एकसारख्या तरी दिसू.

मी पिवळा डबा मांडीवर घेऊन बसून होतो. तो अजून सीलबंद आहे.

९ मे
नांदेडहून रुक्सारचा फोन. म्हणाली, लोक विचारून राहिले, तुमी कोणत्या दवाखान्याच्या? एक आजोबा बीपी तपासायला बाही वर करून उभे राहिले. पण हळद जाते आहे म्हणे. वास घेतला की माणूस थांबतो.

आणि इथे माझा फोन थांबत नाही! दुकान उघडल्यापासून असं कधी झालं नव्हतं. टी-शर्टवरचा नंबर वाचून लोक लावतात. त्यांना हळदीचा भाव हवा असतो, तो मला माहीत नाही, पण छपाईची माहिती मी मोकळ्या मनाने देतो.

१० मे
मोठा दिवस. खुद्द पुण्याच्या मसालेवाल्यांचा फोन! स्टॉलवर गर्दी होती, म्हणून एका बाईच्या टी-शर्टवरून नंबर घेतला म्हणाले. हळद पसंत आहे, माल किती देऊ शकाल? मी म्हटलं, मालाचं सौ. बघते, पण या हळदीची खरी ताकद तुम्हाला मी सांगतो. आणि सगळी पद्धत सांगितली. पदरातून गाळणं, बाइंडर, घासलेट, टबातला लाल रंग, उन्हात झालेला पांढरा. काही लपवलं नाही. त्यांनी दोनदा विचारलं, हीच हळद का? मी म्हटलं, हीच, घरातली एकच. ते म्हणाले, बरं, कळवतो.

माणूस जिज्ञासू वाटला. पेटंटमध्ये भागीदारी मागेल की काय.

१२ मे
सौ. परत आली. चप्पल काढायच्या आधी विचारलं, पुण्याच्या साहेबांचा फोन आला होता का? शेवटच्या दिवशी ते स्टॉलकडे फिरकलेच नाहीत. मी म्हटलं, आला होता ना, सविस्तर बोललो. आणि काय बोललो ते सांगितलं.

ती उंबऱ्यावरच बसली. म्हणाली, तुमी त्यांना घासलेट सांगितलं? मी म्हटलं, हळदीत नाही, शाईत. ती म्हणाली, व्हय. मग म्हणाली, आमी वर्ष घातलं हो त्याच्यात.

मी लगेच पुण्याला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग मेसेज केला, हळद शुद्ध आहे, लाल झाली ती साबणाने, गेली ती उन्हाने, त्यात हळदीचा दोष नाही, माझा आहे. हे शेवटचं वाक्य दोनदा खोडून पुन्हा टाईप केलं. दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे मेसेज वाचला. उत्तर नाही.

१७ मे
उत्तर नाही.

१९ मे
गट आज पुन्हा टेम्पोत हळकुंडं घालून वाशीमला निघाला. सगळ्यांच्या साडीवर तेच पांढरे टी-शर्ट. दळताना पूड उडते, साड्या वाचतात म्हणे.

मला राहवलं नाही. खुर्चीमागची पिशवी काढली आणि पहिला नग प्रतिक्षाला दिला. तसाच पिवळा, तसाच वास. तिने उघडून पाहिला. म्हणाली, हा वाचला का? आणि अंगात घातला. उघड्या टेम्पोत पुढे उभी राहून गेली. छातीवर 'पिवळीधमक', नाक्यावरच्या सगळ्यांनी वाचलं. लालसिंग भारी म्हणाला. मी हात केला, तिनेही केला.

चक्कीवर दिवसभर नंबर लागला नाही. बाहेर सावली नाही. दिवेलागणीला ती परत आली तेव्हा छातीवर काहीच नव्हतं. याच्यावर तर माझंही नाव नाही. नुसता पांढरा टी-शर्ट. तिच्या लक्षात कधी आलं माहीत नाही. काढून धुण्याच्या ढिगावर टाकला आणि आडवी झाली.

रोजनिशी बंद करतो. पेटंटवाले तारखा बघतील तर मलाच तकलीफ होईल.

भाऊबीजेच्या साडीचा पदर निदान आपण स्वतः धुऊन द्यावा असं मनात आलं. बादली भरून मोरीत बसलो आहे. आपल्या घरात साबण कुठे ठेवतात ते मला माहीत नाही. प्रतिक्षाला झोप लागली आहे, आणि जागी असती तरी विचारायची हिंमत झाली नसती.