कड्यापलीकडचा किनारा

३ मार्च, मंगळवार
परवाना मिळाला! एकाच माणसाचा. १२ तारखेचा, गुरुवारचा — त्या दिवशी आमचं शिवणाचं दुकान बंद असतं. राष्ट्रीय उद्यानातून किनाऱ्याकिनाऱ्याने चालायचं, कड्याखालून पलीकडे जायचं, संध्याकाळी परत. दिवसभर एकटी! लग्नाला एकतीस वर्षं झाली, इतका वेळ मी एकटी कधी राहिलेच नाही. न्हाणीघरातसुद्धा कोणीतरी दार वाजवतंच.

४ मार्च, बुधवार
स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. नकाशा जेवणाच्या टेबलावर विसरले.
सासूबाई — "एकटी? का, घरात माणसं नाहीत का?"
माणसंच तर आहेत हो! (हे अर्थात मनात.)

५ मार्च, गुरुवार
यांनी बैठक बोलावली. भांडारपाल म्हणून निवृत्त झाले, पण भांडार काही सुटलं नाही; तीन प्रतींत यादी केल्याशिवाय हे अंघोळीलाही जात नाहीत. माझा परवाना रद्द. रविवार, २२ तारखेचा सात जणांचा नवा. दीर, जाऊ, त्यांच्या दोघी मुली, सासूबाई आणि आम्ही दोघं. सासूबाईंसाठी घडीची खुर्ची. ती मी उचलायची, कारण टूम माझी.

वर सगळे किती मायेने करतायत! "तुला एकटीला पाठवू होय आम्ही?" भांडायचं तरी कुणाशी? जीव गुदमरतो.

८ मार्च, रविवार
जाऊ म्हणाली, "ताई, तिकडे बघायला आहे काय?"
"काहीच नाही."
"मग जायचं कशाला?"
हिला काय सांगू!

१२ मार्च, गुरुवार
आज माझा दिवस होता. सगळ्यांची पांघरुणं धुतली. दुपारी रडले.

१७ मार्च, मंगळवार
यांचं वेळापत्रक भिंतीवर लागलं. सव्वाअकराला खाणं, बाराला कड्याखालून पलीकडे. पण उद्यानाच्या पत्रकात स्वच्छ छापलंय — २२ला भरती, अकरा ते चार कड्याखाली पाणी, वाट बंद. अलीकडचे अलीकडे, पलीकडचे पलीकडे. दाखवायला गेले.
"समुद्राचं तू मला शिकवू नकोस. सगळं ठरलंय."
पत्रक उघडूनसुद्धा पाहिलं नाही. उद्या पुन्हा सांगेन.

१९ मार्च, गुरुवार
नाही सांगितलं.

२१ मार्च, शनिवार
सात डबे, सात बाटल्या, खुर्ची, सासूबाईंची औषधं. माझा डबा आणि बाटली मात्र वेगळ्या पिशवीत, माझ्या खांद्याला. का, ते माहीत नाही असं लिहिणार होते. माहीत आहे.

२२ मार्च, रविवार
पावणेअकराला हे डबे मोजत होते. "जरा पुढे बघून येते," म्हटलं आणि कड्याखालून निघाले. पाणी घोट्यापर्यंत होतं. आता तिथे लाटा आपटतायत. मी वर, कोरड्या वाळूत बसलेय. खडकांमधल्या फटीतून ते सगळे दिसतात. उद्यानाचा वनरक्षक माझ्याकडे बोट दाखवून त्यांना समजावतोय, मी इथे सुखरूप आहे असंच सांगत असणार. हे हातवारे करून काहीतरी ओरडतायत — अक्षरही ऐकू येत नाही. मी हात हलवला.

साडेअकरा वाजलेत. चारपर्यंत माझ्याकडे कोणालाही येता येणार नाही.