खिडकीजवळची खुर्ची

प्रिय मास्तरीणबाई,

काल तुझ्या घरी फोन केला, तो खरं तर मिरवायला. रक्तातला कॅन्सरचा मार्कर, म्हणजे आपला तो मेला आकडा, माझा नॉर्मलवर आला. डॉक्टर म्हणाले, आता तीन महिन्यांनीच रक्त द्यायला या. म्हटलं, आधी तुला सांगावं. गेल्या दोन खेपांना तू दिसली नाहीस, तेव्हा मला वाटलं होतं तूच माझ्याआधी बरी होऊन सुटलीस. फोन तुझ्या सुनेने उचलला. मी आपली माझंच घोडं पुढे दामटत होते, ती बिचारी ऐकून घेत होती. मग तिने हळूच सांगितलं की तुझं औषध थांबवलंय, आता काही उपयोग नाही म्हणाले. मी म्हटलं, असं कसं, तिचा आकडा तर कायम माझ्याहून खाली.

रक्त द्यायच्या बाकावर आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी सुई टोचायच्या आधीच रडत होते. तू पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून दिलीस आणि तिथल्या तिथे माझं बारसं करून टाकलंस, रडूबाई. दोघींचा आजार एकच, तपासणीही एकाच दिवशी. डॉक्टर कानीकपाळी ओरडायचे की एकीचा आकडा दुसरीशी ताडून बघू नका, जिने तिने आपल्याच मागच्या आकड्याशी बघायचं. पण आपण कुठल्या ऐकतोय. सलाइनच्या खोलीत खिडकीजवळ एकच खुर्ची होती, आणि नियम तूच केलास. जिचा आकडा मोठा, तिला खिडकी.

माझा तेव्हा चढतच होता. मी रिपोर्ट तुझ्या हातात कोंबायचे, तू चष्मा लावून पेपर तपासल्यासारखा वाचायचीस. स्वतःचा मात्र तोंडीच सांगायचीस, दर वेळी माझ्याहून कमी. दाखव बघू, असं मी एकदाही म्हटलं नाही. खिडकीत बसून समोरचा सायकलवाला पंक्चर काढताना बघायचे आणि रडगाणं गायचे. तू भिंतीशी, त्या एसीच्या खाली, अंगभर शाल घेऊन ऐकत असायचीस. थंडी वाजते का, एवढंसुद्धा मला विचारायला सुचलं नाही. एकदा तर चिडून म्हणाले, तुझं बरं आहे गं, तुला काय कळणार. तू नुसती हसलीस. कालपासून ते हसणं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

तुझा आकडा सुरुवातीपासून चढताच होता, औषध बदललं तरी, असं सून म्हणाली. माझ्या दुप्पट असताना तू भिंतीशी बसलीस. खोटं बोलणाऱ्या पोरांना जन्मभर बाकावर उभं केलंस, आणि स्वतः इतक्या सराईतपणे थापा मारल्यास. मला तुझा राग आलाय. मी खचू नये म्हणून केलंस, हे कळतं मला. पण एकदा तरी मला तुझ्यासाठी रडू द्यायचं होतंस. तेवढी एकच गोष्ट मला चांगली जमते.

फोनवर हे बोलता आलं नसतं, आणि माझा चांगला रिपोर्ट घेऊन तुझ्यापुढे कुठल्या तोंडाने उभी राहू तेही कळेना, म्हणून हे पत्र. सून म्हणते, तुझा पलंग आतल्या भिंतीला लावलाय आणि तू तो हलवू देत नाहीस, उगाच कुणाला त्रास नको म्हणून. रविवारी मी येतेय. नाही म्हणायचं नाही. आल्या आल्या तुझा शेवटचा रिपोर्ट माझ्या हातात द्यायचा, खरा. तो मी वाचणार, हवी तेवढी रडणार, आणि मग सून आणि मी मिळून तुझा पलंग खिडकीशी ओढणार. नियम तुझाच आहे. भिंतीशी या वेळी मी बसेन.

तुझीच,
रडूबाई