बार्नबीच्या उंचीची मेणबत्ती

देवाच्या नावाने, आमेन. मी ऑड्री थर्लो, कै. सायमन थर्लो यांची विधवा, राहणार हॅझलफर्ड, परगणा सफोक, पाय सुजून अंथरुणाला खिळले असले तरी डोके पूर्ण ठिकाणावर आहे, आणि हे मृत्युपत्र फादर एडमंड यांच्या हातून लिहवीत आहे. मला वाचता येत नाही. पण त्यांनी एक शब्द जरी गोड केला, तर त्यांच्या तोंडावरून मला कळेल.

माझा आत्मा परमेश्वराला, मरियामातेला व सर्व संतांना. देह चर्चच्या आवारात, सायमनच्या डाव्या बाजूला पुरावा. उजव्या कानाने त्याला ऐकू येत नसे, आणि मला त्याच्याशी बोलायचे आहे.

माझा एकुलता एक मुलगा बार्नबी दोन वर्षांचा असताना तापाने निपचित पडला. मी त्याला डोक्यापासून टाचेपर्यंत दोऱ्याने मोजले आणि नवस बोलले : मरियामाते, पोर वाचव. याच दोऱ्याची वात करून, त्याच्या उंचीची मेणबत्ती घेऊन वॉल्सिंगहॅमला तुझ्या दारी अनवाणी येईन. पोर वाचले. पण सायमन म्हणाला, "कापणी तोंडावर आलीय आणि तू चाललीस भटकायला? नाही म्हणजे नाही!" नवऱ्याच्या परवानगीशिवाय बायकोने यात्रेला निघायचे नसते. म्हणून माझ्या वतीने धाकटा दीर गिल्बर्ट गेला. माझ्याच मधमाश्यांच्या मेणाची मेणबत्ती घेऊन गेला आणि यात्रेचा शिशाचा बिल्ला घेऊन आला. तो बिल्ला मी तीस वर्षे टोपीवर मिरवला.

यंदा सुगीच्या जेवणात बीअर चढल्यावर गिल्बर्ट बोलून गेला, "वहिनी, कसलं वॉल्सिंगहॅम नि कसलं काय! थेटफर्डच्या पुढं गेलोच नाही मी. मेण विकलं, खाल्लं-प्यालं, अन् बिल्ला फेरीवाल्याकडनं घेतला!" सगळे हसले. बार्नबीही हसला. "जाऊ दे गं आई, लाकडाच्या मूर्तीला काय कळतंय? मी आहे की धडधाकट!"

अरे मेल्या, धडधाकट कुणामुळे आहेस? नवस फेडला नाही तर दिलेले परत घेतले जाते. तेव्हापासून तू नुसता खोकलास तरी मी क्रूसाची खूण करते. (फादर म्हणतात, 'मेल्या' मृत्युपत्रात शोभत नाही. राहू द्या.)

तरी गिल्बर्टला मी तो बिल्ला देते. दर रविवारी तो टोपीवर लावून त्याने चर्चच्या दारात उभे राहावे. याखेरीज माझ्या घरातला चमचासुद्धा त्याला नाही.

बीअर बनवायची पितळी कढई व पिंपे शेजारीण मार्जरी हिला. तिने बीअरमध्ये पाणी घालू नये, तिला ती खोड आहे. मधमाश्यांच्या टोपल्या चर्चला, पण आधी खाली सांगितलेल्या मेणबत्तीपुरते मेण काढून घ्यावे.

घर व मागचा मळा बार्नबीला, एका अटीवर. शर्ट शिवायचा म्हणून गेल्या आठवड्यात मी त्याला खाटेशेजारी उभा केला. दोऱ्याचे वरचे टोक मार्जरीने धरले, खालचे मी. "शर्टाला टाचेपर्यंत माप कशाला गं?" म्हणाला. "गप उभा राहा," म्हटले. राहिला, लहानपणी राहायचा तसा. त्या दोऱ्याची वात करून तेवढी मेणबत्ती त्याने स्वतः चालत वॉल्सिंगहॅमला न्यावी, शेवटचा मैल अनवाणी. भाडोत्री माणूस नको. एकदा हात पोळले आहेत.

माझे प्रेत उचलण्यापूर्वी त्याने फादरांसमोर तशी शपथ घ्यावी. न घेतल्यास घर वाटेवरच्या यात्रेकरूंना उतरायला द्यावे, आणि दोरा माझ्या मुठीत ठेवून मूठ बांधावी. मग मीच जाईन, आता कुणाची परवानगी लागणार नाही. मातेपुढे दोरा उलगडून सांगेन : हे बघ, तुझ्या कृपेने एवढा वाढला. नवस माझा होता, राग माझ्यावर काढ. माझ्या पोराला हात लावू नकोस.

मजकूर मला वाचून दाखवला. एकही शब्द मागे घेत नाही.

ऑड्री थर्लो, तिच्या हातचा क्रूस : ✝
साक्षीदार : फादर एडमंड पाय, मार्जरी स्केट, तिचा क्रूस : ✝
हॅझलफर्ड, संत मार्टिनच्या सणाचा आदला दिवस, सन १५२३